बस्त्याला सगळ्यांनी यायचं

गंगाखेडकडं लग्न जमलं की पहिला वाद मुहूर्तावरून होत नाही, बस्ता कुठं बांधायचा यावरून होतो. मुहूर्त गुरुजी काढून देतात, त्यात बोलायला जागा नसते. बस्त्याच्या बाबतीत मात्र घरातल्या प्रत्येकाचं एकेक गाव ठरलेलं. परभणीचं माहेर असलेल्या सुनेला परभणीबाहेरचं कापड डोळ्यांत भरत नाही. थोरले जावई नांदेडच्या वजिराबादचं नाव घेतात. कुणी लातूरची गंजगोलाई सुचवतं. सोळा रस्ते जिथं मिळतात तिथं एका रस्त्यावर नाही तर दुसऱ्यावर मनासारखी साडी सापडणारच, हा हिशोब. परळीवाले म्हणतात, आधी वैजनाथाचं दर्शन, मग कापड, एका डिझेलात दोन कामं. शेवटी कोपऱ्यातलं एखादं वयस्क माणूस हळूच विचारतं, "आपल्या गंगाखेडात कापडं मिळत नाहीत का?" मग घडीभर सगळे गप्प. मिळतात की, चांगली मिळतात. पण गावातच बस्ता बांधला तर जायचं कुठं?

लग्नाच्या कापडांची खरेदी म्हणजे बस्ता, एवढ्यानं त्याची ओळख पुरी होत नाही. नवरीचा शालू, हळदीची पिवळी साडी, नवरदेवाचा पोशाख ही मुख्य कापडं बोटांवर मोजण्याइतकी. बाकीचा गठ्ठा दुसऱ्यांचा. मामाचा आहेर, मावश्यांची पातळं, करवलीचा घागरा, आजोबांचं धोतर, व्याह्यांचा फेटा, विहिणीची साडी, गावातल्या मानकऱ्यांना टॉवेल-टोपी. याची यादी वहीच्या मधल्या जोडपानावर लिहितात, वर 'श्री' घालून. ती नीट वाचली तर घराचं सगळं गणगोत समोर उभं राहतं. कोण जवळचं, कोण नुसतं नात्यानं जवळचं, कुणाशी दहा वर्षं बोलणं नाही आणि तरीही साडी द्यावीच लागते, हे सगळं त्या दोन पानांत असतं. शिरगणतीला येणारे मास्तर घरातली माणसं मोजून नेतात. नाती मोजायची असतील तर ही वही मागावी.

आमच्या लहानपणी घरानं मिळून खरेदीला जायचं ते एवढ्या एकाच निमित्तानं. एरवी बाजार हे वडिलांचं काम. बाजाराच्या दिवशी ते खेड्यातून गंगाखेडला जायचे आणि मीठ-मिरचीपासून आमच्या चपलांपर्यंत सगळं पिशवीत घालून आणायचे. चपलेचं माप घ्यायची त्यांची रीत होती. मला भिंतीला टाच टेकवून उभं करायचे, तुराटीची बारीक काडी पायाखाली धरायचे आणि अंगठ्याच्या पुढं अर्धं बोट सोडून ती मोडायचे. ते अर्धं बोट वाढत्या अंगासाठी. दादाची काडी आणि माझी काडी एकाच खिशातून जायच्या. अदलाबदल होऊ नये म्हणून माझ्या काडीला लाल दोरा. संध्याकाळी चप्पल यायची. रंग, पट्टा, अंगठा सगळं वडिलांच्या मनाचं. 'आवडली का' असं विचारायची पद्धत नव्हती. 'बसली का' एवढंच विचारायचे.

आजोबांचा बाजार त्याहून अवघड होता. परभणी जिल्हा निजामाच्या राज्यातला; इथं हाली रुपया चाले आणि इंग्रजी मुलखातला तो कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मोकळा झाला, तरी हाली नाणं लगेच खिशातून गेलं नाही. १९५९ पर्यंत ते भारतीय रुपयाच्या जोडीनं चालत राहिलं, आणि मध्येच १९५७ साली नवे पैसे आले. आजोबा सांगायचे, कापड वारावर घ्यायचं, हिशोब हालीत मांडायचा आणि समोरच्यानं कलदार मागितले की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. असल्या बाजारात बायकापोरं नेली तर हिशोब चुकणारच, हे त्यांचं ठाम मत. आजी चुलीपुढून म्हणायची, "मी हिशोब चुकवला असता का धरला असता, हे नेल्याबिगर कसं कळावं?"

बाईनं बाजारात जावं की नाही, याचं उत्तर गंगाखेडच्या एका लेकीनं सातशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवलंय. संत जनाबाई इथली. पोरवयात ती पंढरपूरला दामाशेटींच्या घरी आली आणि नामदेवांच्या त्या घरात दळणकांडण करत राहिली. शिंप्याचं घर ते, कातर आणि सुईदोऱ्यावर चालणारं. तिच्या नावावरच्या एका प्रसिद्ध अभंगात ती पदराची आणि लोकांची तमा सोडून भर बाजारात जाण्याची भाषा करते. तिला काही विकत घ्यायचं नव्हतं, नाम घ्यायचं होतं, हे कबूल. पण नाम घ्यायला देवळं होती, वाळवंट होतं. तिनं बाजार निवडला, कारण बाईला तिथंच सगळ्यात जास्त मज्जाव होता. गोदाकाठच्या तिच्या मंदिरात गेले की मला दळणाच्या जात्याआधी तो बाजार आठवतो.

बस्ता हा त्या मज्जावातला वर्षा-दोन वर्षांतून मिळणारा एक सुटीचा दिवस होता. त्या दिवशी दुकानातल्या पांढऱ्या गादीवर पुढं बसायचा मान बायकांचा. पुरुष मागं बाकड्यावर. पैसे त्यांच्या बंडीच्या आतल्या खिशात, पण पसंती बायकांच्या बोटांत. दुकानदार "ही बघा माय" म्हणत एकीमागून एक घडी उलगडायचा, आणि वर्षभर मान खाली घालून वावरणारी एखादी चुलती फर्मावायची, "ही काढून टाका. वरच्या फळीवरची दाखवा."

वरची फळी खाली उतरणार की नाही, हे मात्र मोंढ्यात ठरतं. आमच्याकडं लग्नाची तिथी पंचांगात असते आणि बस्त्याची तिथी पिकात. कापसाचे दिवस होते तेव्हा वेचण्या हिवाळाभर चालायच्या, पैसा हळूहळू जमायचा आणि बस्ते उन्हाळ्याच्या तोंडावर बांधले जायचे. आता सोयाबीन. दसरा-दिवाळीच्या मधे काढणी होते, माल मोंढ्यात जातो आणि तुळशीचं लग्न लागलं की कापडबाजारात गर्दी उसळते. ऊसवाल्यांची नजर कारखान्याच्या बिलाकडं. सोयाबीनचा भाव पडला की शालूचा पोत बदलतो, यादीतली दहा-पाच नावं मुकाट्यानं गळतात. २०१६ ची नोटबंदी ८ नोव्हेंबरला आली, तुळशीच्या लग्नाला तीन दिवस उरले असताना. सोयाबीनच्या पट्टीचे पैसे लोकांच्या घरात होते, पण ते दुकानात चालत नव्हते. बस्त्याची यादी तयार, गाडी ठरलेली, आणि नोटा बाद. अशी घरं त्या वर्षी गल्लोगल्ली होती.

त्यानंतर बाजार हळूहळू हातातल्या मोबाइलमध्ये आला. कोरोनानं त्यावर शिक्का मारला. २०२१ च्या एप्रिलमध्ये लग्नाला २५ माणसं आणि दोन तास, असा नियम होता. आमच्या नात्यातलं एक लग्न त्याच कचाट्यात उरकलं. कापडं सगळी घरबसल्या मागवलेली. मग सवयच लागली. तिला नावं ठेवायचं कारण नाही. भाव समोर दिसतो, दहा दुकानं बसल्या जागी पालथी घालता येतात, माप चुकलं तर माल परत जातो. वडिलांच्या काडीनं आणलेली चप्पल चावली तरी वर्षभर वापरावी लागायची.

फक्त एक गोष्ट झाली. पुढच्या एका दिवाळीला घरात चार खोकी आली आणि चौघांनी आपापली फोडली. कपडे सुरेख होते. पण यंदा कुणाला कुठला रंग हवासा वाटला, कुणाची कंबर वाढली, कुणी हौसेनं घेतलं आणि कुणी नुसतं स्वस्त म्हणून, याची खबर घरातल्या कुणालाच लागली नाही. ती मोबाइलला लागली.

गेल्या हिवाळ्यात दादाच्या मुलीचं लग्न ठरलं. भाची पुण्याला नोकरीला. तिनं कुटुंबाच्या ग्रुपवर साड्यांच्या लिंका टाकल्या आणि खाली लिहिलं, 'सगळ्यांनी आपापली निवडा, मी ऑर्डर करते.' हेतू चांगलाच होता. कुणाला दगदग नको. माझी माय ऐंशीच्या घरातली. तिनं सुनेच्या मोबाइलवर दोन साड्या पाहिल्या, काचेवर बोट चोळलं आणि फोनवरच नातीला म्हणाली, "हे काय दावू लालीस गं? कापड बोटाला कळतंय. बस्त्याला सगळ्यांनी यायचं." शेवटचं वाक्य कोर्टाच्या निकालासारखं आलं. त्यावर अपील नव्हतं. भाची पनवेल-नांदेड गाडीनं गंगाखेडला उतरली, आणि भांडणाअंती परभणी ठरली.

क्रुझर सांगितली होती. पुढं माय, मधल्या सीटवर बायका, मागं समोरासमोरच्या सीटांवर पोरं आणि धपाट्यांचा डबा. दादा ड्रायव्हरजवळ अंग चोरून. गाव सुटलं की गोदावरीचा पूल लागतो. माय म्हणाली, "गाडी हळू घ्या, गंगा आली." तिनं सगळ्यांना एकेक नाणं काढायला लावलं. भाचीची पर्स पालथी घातली तरी नाणं निघेना. "आजी, माझ्याकडं फोन-पे आहे." "गंगेला कुठं चालतंय ते?" शेवटी दादानं लेकीच्या हातावर पाच रुपये ठेवले. दिवसाचा पहिला खर्च असा नदीत पडला. हीच गंगा वर पैठणला पैठणीच्या मागांजवळून येते, आणि पुढं जाते त्या नांदेडात एकेकाळी उस्मानशाही मिलचं कापड निघत होतं. मधल्या गंगाखेडच्या वाट्याला विणणं आलं नाही, निवडणं आलं. ते आम्ही मन लावून करतो.

परभणीत शिरताना 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे कुणीतरी म्हणावंच लागतं. ते मागच्या सीटवरून म्हणून झालं. कच्छी बाजाराकडच्या एका दुकानात गादीवर सगळे बसलो. पाणी आलं, चहा आला, आणि माय कामाला लागली.

तिची साडी पाहण्याची तऱ्हा भाची पहिल्यांदाच बघत होती. बाकीच्यांची नजर आधी पदरावर जाते. माय पदराकडं बघतच नाही. काठाचं टोक धरून ते उलटं करते. हातमागावरच्या अस्सल पैठणीचा काठ दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. यंत्रावरच्या नकलेला मागून सुटे धागे असतात. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण मायला कागद लागत नाही. काठ उलटा केल्यावर ती तो अंगठा आणि तर्जनीत धरून चोळते. मग चुरगळून मुठीत धरते आणि सोडून देते. घडी मोडलेली तशीच राहते की सरळ होते ते बघते. शेवटी उठून, गुडघ्यावर हात देत, साडी दारापाशी उजेडात नेते. ट्यूबलाइटच्या उजेडातला रंग तिच्या हिशोबी रंगच नाही. दुकानातला पोरगा मागं मागं, साडीचं दुसरं टोक धरून. भाची माझ्या कानाशी लागली, "आत्या, फोटोत साडीची मागची बाजू कुणीच दाखवत नाही गं."

शालू तासाभरात ठरला. खरा वेळ गेला तो यादीतल्या बाकीच्या नावांवर. वहिनी एकेक नाव वाचायची आणि दुकानात त्या माणसाची चर्चा सुरू व्हायची. पालमच्या मावशीला मोरपंखी घ्यावी म्हटलं तर माय म्हणाली, "तिला तो रंग नको. सासरी पहिल्या दिवाळीला तीच साडी दिली आणि वर्षभर तीच ऐकवली." हे आमच्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. सोनपेठच्या काकूला जड काठ सावरत नाही, हातात जोर राहिला नाही. तिला हलकी हवी. धाकट्या मामाला सफारीचं कापड दिलं तर तो शिवतच नाही, त्याला शिवलेला सदरा द्यावा. नवरदेवाच्या आजीला काय आवडतं, असं विचारायला भाचीनं तिथूनच सासरी फोन लावला. पलीकडं इतका आनंद झाला की आमचं बोलणं थांबवून सगळ्यांनी तो स्पीकरवर ऐकला.

मग धाकट्या चुलतीचं नाव आलं. काका जाऊन चार वर्षं झालेली. वहिनीनं नाव वाचलं आणि रीतीप्रमाणे फिक्या रंगांचा ढीग पुढं ओढला. राखाडी, बदामी, मळकट निळा. बाकड्यावर बसलेला दादा सकाळपासून एक शब्द बोलला नव्हता. तो उठला, गादीच्या कडेला वाकला आणि बाजूला टाकलेल्या साड्यांतून एक हिरवी, जरीकाठाची काढून वहिनीपुढं ठेवली. "काकूला ही." दुकानातल्या पोराचे हात थांबले. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, सरकारनं तो बाकी ग्रामपंचायतींपुढं ठेवला, हे आम्ही सगळ्यांनी पेपरात वाचलं होतं आणि चांगलं झालं असं म्हणून पान उलटलं होतं. ठराव आमच्या यादीपर्यंत यायला ही गादी लागली. सगळ्यांचे डोळे मायकडं. तिनं साडी ओढली, काठ उलटा केला, दोन बोटांत चोळला. "काठ कच्चा आहे," ती म्हणाली. "हिरव्यातच दुसरी दाखव रे, पक्क्या काठाची."

दादाला हे मोबाइलवर सुचलं नसतं असं नाही. पण सुचलं असतं तरी तो एकटा, रात्री, काचेवर बोट ठेवून बसला असता. 'लोक काय म्हणतील' याला त्या काचेत उत्तर नाही. इथं लोक समोर होते, आणि ते काय म्हणतात ते तिथंच ऐकू आलं.

दुपारी धपाट्यांचा डबा दुकानाच्या मागच्या खोलीत उघडला. शेंगदाण्याची चटणी, दही, कांदा. दुकानदारानं शेजारच्या हॉटेलातून चुरमुऱ्यांचा सुशीला मागवला आणि त्याच्या पोरांना आम्ही धपाटे दिले. या देवघेवीचा बिलावर काही परिणाम होईल या आशेवर भावजी होते. मागं भिंतीवर 'एकच भाव' अशी पाटी, आणि तिच्या बरोबर खाली बसून त्यांनी पाऊण तास घासाघीस केली. "सोयाबीनला काय भाव मिळाला ते तुम्हाला ठाऊक आहे ना शेठ? मग?" यावर शेठजींकडं तोड नव्हती. दुकानदारांच्या घरीही कुणीतरी शेत बघतंच. बिलातली वरची किरकोळ रक्कम सुटली, वर दोन रुमाल, चार पिशव्या आणि लहान पोराला एक टोपी आली. भाची मला म्हणाली, "एवढी सूट तर कूपन टाकून मिळते." मी म्हटलं, कूपनाशी भांडता येतं का? भावजींकडं पाहा, लग्नात त्यांना आता मांडवाचं काम सांगितलं तरी ते हसत करतील.

घरी आल्यावर बस्ता सोडला. शेजारपाजारच्या बायका जमल्या. प्रत्येक साडी हातोहात फिरली, प्रत्येकीनं किंमत ओळखली आणि प्रत्येकीनं ती थोडी कमीच सांगितली. अपेक्षेप्रमाणे एक नणंद रुसली. तिचा काठ दुसरीपेक्षा बोटभर अरुंद निघाला. ही नाराजी बस्त्याच्या हिशोबात धरलेलीच असते. खोक्यातून आलेल्या कापडावर कुणी रुसत नाही, कारण ते कुणी कुणासाठी निवडलेलं नसतं.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. आमच्याकडं लग्नाच्या खर्चानं घरं बुडतात. कोरडवाहू तुकडा गहाण पडतो तो बियाण्यापायी कमी आणि मांडवापायी जास्त, अशी घरं मी जवळून पाहिली आहेत. बस्त्याच्या यादीतला निम्मा माल तर नुसता फिरत असतो. टॉवेल-टोपी या लग्नातून त्या लग्नात जाते, घडी न मोडता. एखादा टॉवेल पाच गावं फिरून मूळ घरी आला तरी कुणी ओळखत नाही. आहेराच्या साड्या ट्रंकेत पडून पुढच्या आहेराची वाट बघतात. या फिरतीसाठी कर्ज काढणं हा शुद्ध वेडेपणा आहे, आणि सामूहिक विवाहात, नोंदणी करून, चार कापडांत लग्न करणारी पोरं शहाणी आहेत.

पण खर्च वाचवायचा म्हणून आपण चुकीचं टोक कापतो. यादी तशीच ठेवतो, मोबाइलवर स्वस्तात पुरी करतो आणि जाणंच रद्द करतो. माणसांना गाडीतून उतरवतो, टॉवेल-टोपी चढवतो. उलट करायला काय हरकत आहे? मानाच्या नावाखाली लिहिलेली नावं खोडावीत, ज्यांच्या आवडीनिवडी आपल्याला खरोखर माहीत आहेत तेवढ्यांचीच कापडं घ्यावीत, शालू एक पायरी खालचा घ्यावा. आणि ते घ्यायला मात्र सगळ्यांनी जावं, म्हाताऱ्यांना पुढं बसवून, पोरांना मागं कोंबून. दिवस मोडतो, पाय दुखतात, भांडणं होतात, आणि दुपारपर्यंत घरातल्या माणसांबद्दल अशा चार गोष्टी कळतात ज्या एका छपराखाली राहूनही कळल्या नव्हत्या. दादाच्या धाकट्या मुलाचंही आता बघायला सुरुवात झाली आहे. मी आतापासून सांगून ठेवलंय, यादी लहान करा, पण गाडी मोठी सांगा.